शासकीय बांधकामांसाठी कमी-कार्बन साहित्याची खरेदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाखा अभियंते, नगरपरिषदांचे सदस्य, कंत्राटदार आणि राखेच्या विटांचे छोटे उत्पादक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील शासकीय कामे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. केंद्राचा नियम जेथे वेगळा आहे, तेथे तसा उल्लेख केला आहे.

१. कमी-कार्बन साहित्य म्हणजे नेमके कोणते?

ज्या साहित्याच्या निर्मितीत, त्याच कामाच्या रूढ साहित्यापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ते कमी-कार्बन साहित्य. पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंट, पीएससी म्हणजे स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) सिमेंट, औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा, एएसी म्हणजे वाफेत पक्व केलेले हलके, सच्छिद्र ब्लॉक, भंगारापासून केलेल्या सळया आणि पाडकामाच्या राडारोड्यापासून केलेली खडी ही आपल्याकडे सहज मिळणारी उदाहरणे आहेत. यातले बहुतेक साहित्य नवे नाही. आपल्या बाजारात ते वर्षानुवर्षे विकले जात आहे आणि त्याला भारतीय मानकांची मान्यताही आहे. ‘प्रयोग कशाला करायचा?’ हा आक्षेप म्हणून येथे फारसा टिकत नाही.

२. सगळा भर सिमेंटवरच का? कारखान्यात सौरऊर्जा वापरली की प्रश्न सुटत नाही का?

सुटत नाही. सिमेंटचा गाभा असलेले क्लिंकर तयार करण्यासाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोमधून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू इंधनाचा नसून दगडाचाच असतो, त्यामुळे भट्टी कशावरही चालवली तरी तो निघणारच. इंधन धरून एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ८५० किलो उत्सर्जन होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग दगडाचा असतो. म्हणून खरा उपाय म्हणजे सिमेंटच्या पोत्यातले क्लिंकर कमी करणे.

एम-२५ (२८ दिवसांनी २५ मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये ३२० किलो सिमेंट आहे असे धरू. ओपीसीत, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये, क्लिंकर साधारण ९५ टक्के असते, तर ३० टक्के राख असलेल्या पीपीसीत ते ६५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एका घनमीटरमागे ९६ किलो क्लिंकर आणि सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. पाचशे घनमीटर काँक्रीट लागणाऱ्या इमारतीत ही बचत ४० टनांवर जाते, आणि त्यासाठी पोत्याचा प्रकार बदलण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

३. साहित्य तर कंत्राटदार आणतो. मग यात ‘शासकीय खरेदी’ कुठे आली?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत. एके काळी सिमेंट आणि लोखंड खाते स्वतःच्या गोदामातून पुरवत असे आणि निविदेच्या शेड्यूल ए मध्ये त्याची नोंद असे. आता बहुतेक कामांत कंत्राटदारच साहित्य विकत घेतो. तरीही त्याने काय विकत घ्यायचे, हे शेड्यूल बी मधल्या, म्हणजे कामांच्या यादीतल्या, बाबीचे शब्द ठरवतात, आणि ते शब्द अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अभियंत्याचे असतात.

बी-१ निविदेत कंत्राटदार सगळ्या बाबींवर मिळून एकच टक्केवारी भरतो, इतके टक्के जास्त किंवा इतके कमी. एखाद्या बाबीसाठी अधिक चांगले साहित्य देऊ करून त्याचा वेगळा दर मागण्याची सोय त्याला तेथे नसते. बाबीत ‘भाजक्या मातीच्या विटांचे बांधकाम’ लिहिले असेल, तर त्याने राखेच्या विटा का आणाव्यात? बाब जुन्या अंदाजपत्रकावरून उचललेली असते, ते अंदाजपत्रक त्याहून जुन्यावरून, आणि अशा रीतीने वीस वर्षांपूर्वीचा निर्णय आजच्या इमारतीत येऊन बसतो. तांत्रिक मान्यतेची सही होईपर्यंत इमारतीचा बहुतेक कार्बन ठरून गेलेला असतो. निविदा उघडताना त्यात फार काही बदलता येत नाही. म्हणून शासकीय खरेदीची सुरुवात अंदाजपत्रकाच्या टेबलावर होते असे समजावे.

४. यातले कायद्याने बंधनकारक काय आहे?

दोन गोष्टी ठळकपणे बंधनकारक आहेत. पहिली राखेची. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळसा किंवा लिग्नाइटवरील औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील इमारत बांधकामांत राखेच्या विटा, फरशा किंवा राखेपासून केलेली इतर उत्पादने वापरायची आहेत. मात्र त्यांची किंमत पर्यायी उत्पादनापेक्षा जास्त नसावी, अशी अट आहे. रस्त्यांच्या भरावासारख्या कामांसाठीही याच परिघात राख वापरण्याचे बंधन आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस, भुसावळ, परळी, एकलहरे आणि सोलापूर येथील केंद्रांभोवती ३०० किलोमीटरचे वर्तुळ नकाशावर काढून पाहिले, तर राज्याचा बहुतेक भाग त्यांत सामावतो. ‘आमच्याकडे लागू नाही’ असे म्हणण्यापूर्वी हे एकदा करून पाहावे.

दुसरी गोष्ट राडारोड्याची. तिच्याविषयी प्रश्न १३ पाहा. पोलादाबाबत वर्गीकरण झाले आहे, पण वर्गीकरण म्हणजे खरेदीची सक्ती नव्हे. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

५. पीपीसी ओपीसीपेक्षा कमी दर्जाचे असते ना? कंत्राटदार तर तसेच सांगतात.

नाही. पीपीसीचे मानक आयएस (भारतीय मानक) १४८९ असून त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते. पीएससीचे मानक आयएस ४५५ असून त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. दोन्ही सिमेंटांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. फरक आहे तो वेगाचा. राखेची प्रक्रिया सावकाश चालते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ताकद कमी दिसते, पण पुढे ती भरून निघते आणि काँक्रीट अधिक घट्ट, कमी पाझरणारे होते. अकोले तालुक्यातील घाटघरचे धरण सिमेंटमध्ये राखेचा मोठा हिस्सा असलेल्या रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीटचे आहे. पाणी अडवणाऱ्या बांधकामात राख चालते, मग शाळेच्या भिंतीत का चालू नये?

कंत्राटदाराच्या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असेही नाही. त्याला सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा व टेकू) लवकर उतरवून पुढच्या स्लॅबला लावायचे असते. काँक्रीट कामाच्या आयएस ४५६ या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्यांचे चौदा दिवसांनी काढण्याची जी मुदत आहे, ती ओपीसी धरून दिलेली आहे; इतर सिमेंटसाठी ती वाढवावी लागते. पाणी मारण्याचेही तसेच. ओपीसीला किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस, आणि कोरड्या-उष्ण हवेत चौदा दिवसांपर्यंत, अशी शिफारस त्याच मानकात आहे. हे दिवस कामाच्या वेळापत्रकात धरलेच नाहीत, तर पीपीसी वापरून बिघडलेल्या स्लॅबचा दोष सिमेंटला देता येणार नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत काम असेल आणि पाण्याच्या टँकरची तरतूद नसेल, तर ती आधी अंदाजपत्रकात करावी आणि मगच पीपीसीची बाब लिहावी.

६. राखेच्या विटांच्या भिंतींना तडे जातात. हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे.

अनुभव खरा आहे, पण कारण बहुधा वेगळे असते. एका शाळेच्या कामावर मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. विटा कारखान्यातून निघून आठवडाही झाला नव्हता. नखाने ओरखडा काढला की राखाडी भुकटी बोटाला लागत होती. अशी वीट भिंतीत बसल्यावर आकसते आणि सांध्यांवर जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा तडा उमटतो. त्या भिंतीचा तडा खिडकीच्या कोपऱ्यापासून वर छताच्या तुळईपर्यंत गेला होता. गिलावा करून तो झाकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर आला.

यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. विटा पूर्ण पक्व झाल्यावरच, म्हणजे साधारण २८ दिवसांनी, साइटवर याव्यात आणि चलनावर उत्पादनाची तारीख असावी. मातीच्या विटेसारख्या त्या हौदात बुडवून ठेवू नयेत, फक्त वरून ओलसर कराव्यात. आणि मसाला फार तेज असू नये. १:४ (सिमेंट : वाळू) चा हट्ट धरण्याऐवजी १:६ पुरेसा असेल तेथे तोच वापरावा. निविदेत ‘राखेच्या विटा’ एवढेच न लिहिता राख-चुन्याच्या विटांसाठी आयएस १२८९४ किंवा राख-सिमेंटच्या विटांसाठी आयएस १६७२० आणि हवा तो ताकदीचा वर्ग लिहावा.

७. कोकणात, अगदी समुद्राकाठच्या कामात हे सिमेंट चालेल का?

चालेल, आणि बऱ्याचदा तेच अधिक योग्य ठरेल. खाऱ्या हवेत इमारत खराब होते ती क्लोराइड काँक्रीटमधून झिरपून सळईपर्यंत पोहोचल्यामुळे. स्लॅगमिश्रित काँक्रीट क्लोराइडला अधिक अडवते. किनाऱ्यावर एम-३० पेक्षा कमी प्रतीचे काँक्रीट वापरू नये, सळईवरच्या काँक्रीट-आवरणाची जाडी पाळावी आणि पाणी मारणे टाळू नये, या अटी मात्र पीएससीलाही तशाच लागू आहेत. येथे कार्बन आणि टिकाऊपणा एकाच दिशेने जातात. दहा वर्षांनी सळया उघड्या पडून जी इमारत पुन्हा बांधावी लागते, तिच्याइतका कार्बनचा अपव्यय दुसरा नाही.

८. एलसी३ सिमेंटबद्दल ऐकतो. ते आता निविदेत लिहिता येईल का?

मानकाच्या दृष्टीने येईल. भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेल्या या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये आले. त्याच्या सर्वपरिचित मिश्रणात क्लिंकर निम्मेच असते. बाकीत ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि उरलेले जिप्सम. माती साधारण ७०० ते ८५० अंशांवर भाजली जाते, म्हणून इंधनही कमी लागते. मात्र त्यासाठी केओलिनाइट हे खनिज पुरेसे, सुमारे ४० टक्के, असलेली माती हवी. आपली काळी कापसाची माती त्या जातीची नाही. व्यवहारात अडचण येते ती पुरवठ्याची. आपल्या जिल्ह्यात ते नियमित मिळते याची खात्री झाल्याशिवाय केवळ एलसी३ मागणारी बाब लिहू नये. पीपीसी, पीएससी किंवा एलसी३ यांपैकी कोणतेही चालेल असे लिहिणे सुरक्षित असते.

९. बाब कशी लिहावी, म्हणजे कुणी हरकत घेणार नाही?

कंपनीचे नाव लिहू नये, मानक आणि गुणधर्म लिहावेत. ‘कमी-कार्बन सिमेंट वापरावे’ हे वाक्य निविदेत निरुपयोगी आहे, कारण ते मोजता येत नाही आणि वादाच्या प्रसंगी टिकत नाही. त्याऐवजी पुढील धर्तीवर लिहावे : ‘काँक्रीटसाठी आयएस १४८९ भाग १ नुसारचे पीपीसी किंवा आयएस ४५५ नुसारचे पीएससी वापरावे, अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय ओपीसी वापरू नये, सेंटरिंग व पाणी मारण्याची मुदत मिश्र सिमेंटप्रमाणे राहील.’ यात स्पर्धा खुली राहते, तपासणी शक्य होते आणि अपवादाची वाटही उघडी राहते.

तपासणीचे साधन साइटवरच असते. पीपीसीच्या पोत्यावर राखेचे प्रमाण आणि उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तो सिमेंटच्या नोंदवहीत पोत्यांच्या संख्येशेजारी उतरवून घेण्याची सवय लावली, तर देयकाच्या वेळी वेगळा पुरावा शोधत बसावे लागत नाही.

१०. सळयांचे काय? ‘ग्रीन स्टील’ मागता येते का?

हा भाग दुर्लक्षित राहतो, आणि तो राहू नये असे मला मनापासून वाटते. एका घनमीटर आरसीसीत (सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये) १०० किलो सळया धरल्या आणि आपल्या देशातील पोलादाचे सरासरी उत्सर्जन टनामागे सुमारे २.५ टन धरले, तर सळयांचाच वाटा २५० किलो होतो. तो त्याच घनमीटरमधील सिमेंटच्या बरोबरीने येतो.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाचे वर्गीकरण जाहीर केले. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित म्हणवते. २.० ते २.२ टनांना तीन तारे, १.६ ते २.० टनांना चार तारे आणि १.६ टनांच्या खाली पाच तारे मिळतात. प्रमाणपत्राचे काम राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे सोपवले आहे. निविदेत ‘किमान तीन तारे’ अशी अट घालता येते; मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आणि पुरेसे पुरवठादार असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळया करणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. भंगाराचे प्रमाण जास्त असेल, तर कोळशावर केलेल्या स्पंज आयर्नपेक्षा (खनिजापासून न वितळवता केलेल्या लोखंडापेक्षा) उत्सर्जन बरेच कमी येते. पण भट्टी विजेवर चालते आणि आपली वीज मुख्यतः कोळशाची आहे. म्हणून ‘भंगाराची सळई म्हणजे आपोआप हरित’ असे गृहीत न धरता प्रमाणपत्र मागावे. सळयांचे मानक आयएस १७८६ याची पूर्तता अर्थातच सर्वांना सारखीच बंधनकारक आहे.

११. शेवटी काम सर्वांत कमी दराच्या निविदेलाच द्यायचे, तर कमी कार्बनला गुण कसे देणार?

बहुतेक कामांत गुण देण्याची गरजच नसते. सर्वांसाठी समान तांत्रिक अट घातली की त्या अटीत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर निवडता येतो; प्रश्न ९ मधील पद्धत हीच आहे. केंद्राच्या कामांसाठी वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी, काम ‘गुणवत्ताप्रधान’ म्हणून घोषित केले असल्यास दराबरोबर गुणवत्तेलाही भार देण्याची मुभा दिली. दराव्यतिरिक्तच्या निकषांना कमाल ३० टक्के भार देता येतो. राज्याच्या कामांत हे आपोआप लागू होत नाही, त्यासाठी राज्याच्या आदेशाचा आधार लागतो.

नेदरलँड्समध्ये साहित्याचा पर्यावरणीय भार युरोंत मोजून निविदांच्या तुलनेत धरतात. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने बांधकामाचे पोलाद, सळया, सपाट काच आणि खनिज लोकर यांच्यासाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवण्याचा मार्ग घेतला. आपल्याला, विशेषतः नगरपरिषदांना, मर्यादेचा मार्ग अधिक सोपा आहे, कारण त्यात निविदा समितीला आकडेमोड करावी लागत नाही.

१२. उत्पादकाकडे ईपीडी नसेल तर पुरावा काय मागायचा?

ईपीडी म्हणजे उत्पादनाच्या पर्यावरणीय भाराचे, त्रयस्थाने तपासलेले घोषणापत्र. मोठ्या सिमेंट आणि पोलाद कंपन्यांकडे ते मिळू शकते; तालुक्याच्या गावातील वीट उत्पादकाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, कारण त्याचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो. त्याच्याकडून राख कोठून आली याची चलने, मिश्रणाचे प्रमाण आणि शासकीय किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा ताकद व जलशोषणाचा अहवाल घ्यावा. ईपीडी मागितलीच, तर दोन उत्पादकांच्या आकड्यांत हद्द एकच आहे का ते पाहावे. एकाने फक्त कारखान्यापर्यंतचे आणि दुसऱ्याने साइटपर्यंतच्या वाहतुकीसह मोजले असेल, तर तुलना व्यर्थ आहे.

१३. पाडकामाच्या राडारोड्याची खडी आरसीसीत वापरता येते का?

मर्यादेत येते. खडी-वाळूचे मानक असलेल्या आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुनर्वापराची काँक्रीट-खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये, म्हणजे पायाखालच्या पीसीसीसारख्या (सळयांविना साध्या काँक्रीटच्या) थरात, १०० टक्के चालते. २०१६ च्या राडारोडा नियमांनी शासकीय व नगरपालिका कामांत अशा साहित्याचा साधारण १० ते २० टक्के वापर अपेक्षिला होता. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर अधिक जबाबदारी टाकतात.

१४. लांबून आणलेल्या साहित्याची सारी बचत डिझेलमध्ये जात नाही का?

साहित्यावर अवलंबून आहे. जड मालमोटारीने एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. राख ३०० किलोमीटरवरून आणली तरी टनामागे ३० किलोच भर पडते, आणि ती राख ज्या क्लिंकरची जागा घेते त्याचे उत्सर्जन ८०० किलोंच्या वर असते. वाहतूक येथे किरकोळ आहे. खडीचे उलट आहे. फोडलेल्या दगडाच्या खडीचे स्वतःचे उत्सर्जन टनामागे काही किलोच असते, त्यामुळे पुनर्वापराची खडी शंभर किलोमीटरवरून आणली तर कार्बनच्या हिशेबात तोटाच होतो. तिचा खरा लाभ डोंगर आणि कचराभूमीची जागा वाचण्यात आहे, आणि ती जवळची असेल तेव्हाच घ्यावी.

१५. काम सुरू झाले आहे. आता ओपीसीऐवजी पीपीसी घेता येईल का?

निविदेत दोन्ही चालतील असे असेल, तर अभियंत्याच्या लेखी मान्यतेने येईल. निविदेत फक्त ओपीसी असेल, तर हा बाबीतला बदल ठरतो. दर तपासून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी आणि पीपीसी स्वस्त पडत असल्यास फरक वसूल करावा. मिश्रणाचे डिझाइन नव्याने करून घेणे अत्यावश्यक आहे. तोंडी सूचनेवर बदल करू नये. लेखापरीक्षणात त्याचा त्रास शाखा अभियंत्यालाच होतो.

१६. पीपीसी आणले, वर साइटवर आणखी राखही मिसळली, तर आणखी चांगले ना?

नाही. पीपीसीत राख आधीच आहे. त्यात किती भर पडली हे साइटवर नियंत्रित करता येत नाही. एक तर तयार पीपीसी घ्यावे, किंवा मिश्रण केंद्रावर वजन करून ओपीसीत राख किंवा स्लॅग घालावा. दुसऱ्या मार्गात प्रमाणावर ताबा अधिक राहतो, पण तो तयार काँक्रीटच्या केंद्रातूनच शोभतो, फावड्याने नव्हे.

१७. मग ओपीसी कधीच वापरू नये का?

वापरावे, जेथे पहिल्या काही दिवसांतील ताकद खरोखर निर्णायक आहे तेथे. रहदारी थांबवून रात्रीत करायची पुलाची दुरुस्ती, पुरानंतर तातडीने उभी करायची मोरी आणि ठरावीक दिवशी ताण द्यायचे पूर्वताणित काँक्रीट ही अशी कामे आहेत. शेवटच्या प्रकारात सिमेंटचा निर्णय संबंधित मानक पाहून संरचना अभियंत्यानेच घ्यावा. अशा वेळी अपवादाचे कारण नस्तीवर एका वाक्यात लिहावे. त्याच इमारतीचा पाया, भिंती आणि फरशीखालचा थर मात्र त्या अपवादाच्या आड ओपीसीत जाऊ देऊ नये. लेखी परवानगी ज्या घटकापुरती आहे, त्याचे नाव आणि परिमाण परवानगीतच नमूद करावे.